खाट क्रमांक चार



गेले अठरा दिवस रोजचं चिंतन आलं नाही. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं, सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, माफ करा. बाबांना हार्ट अटॅक आला होता. आता ते घरी आहेत. अळणी आमटीवरून आईशी रोज भांडतात, म्हणजे बरे आहेत असं समजायला हरकत नाही.

आपण सहाव्या अध्यायात होतो. क्रमाने आज ३२वा श्लोक. हा श्लोक मी कॉलेजपासून कितीतरी वेळा वाचलाय, आणि खरं सांगायचं तर दरवेळी त्याच्यावरून पटकन पुढे गेलोय. 'हो हो, सगळ्यांशी समभावाने वागावं, बरोबर आहे' असं म्हणून पुढचं पान. श्लोकाचा आशय माझ्या साध्या शब्दांत असा: दुसऱ्याचं सुखदुःख मोजायला वेगळी फूटपट्टी शोधू नकोस, ती तुझ्याजवळच आहे. तुला जिथे दुखतं तिथेच त्यालाही दुखतं हे ज्याला सगळीकडे दिसतं, तो योग्यांमध्ये वरचा. याला शास्त्रात आत्मौपम्य म्हणतात.

यावेळी पुढे जाता येईना. त्याचं कारण सांगतो. लिहायला थोडी लाज वाटतेय, पण इथे खोटं लिहून काय उपयोग.

एका मंगळवारी रात्री सव्वाअकराला आईचा फोन आला. मी हिंजवडीत, आईबाबा वाईला. "बाबांच्या छातीत दुखतंय, घाम फुटलाय, शेजारचे काका गाडीतून नेतायत, तू ये." शंभरेक किलोमीटरचा रस्ता. खंबाटकी घाट कधी चढलो आणि कधी उतरलो ते मला आठवत नाही. एक वाजायच्या आत मी हॉस्पिटलच्या दारात होतो.

छोटं हॉस्पिटल. खाली कॅज्युअल्टी, औषधाचं दुकान आणि बिलाची खिडकी. वरच्या मजल्यावर आयसीयू, सहा खाटांचा. त्याच्या काचेच्या दाराबाहेर दोन बाकडी, एक पाण्याचा फिल्टर, भिंतीवर गणपतीचा फोटो आणि त्याच्यासमोर लाल बल्ब. 'चप्पल बाहेर काढा' अशी पाटी आणि पाटीखाली चपलांचा ढीग. अशी जागा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल.

मी पोचेपर्यंत डॉक्टरांनी ईसीजी काढून रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देऊन टाकलं होतं. मोठ्या शहरात तातडीने अँजिओप्लास्टी करतात. जिथे ती सोय नाही तिथे हे इंजेक्शन, आणि ते जितक्या लवकर तितकं चांगलं, कारण दर मिनिटाला हृदयाचा थोडा स्नायू मरत असतो. डॉक्टर माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनीच मोठे असतील. म्हणाले, "वेळेत आणलंत. पण बीपी खाली आहे आणि नाडी मंद आहे. या अवस्थेत आत्ता लगेच रस्त्यावर काढायला नको. थोडे स्थिर झाले की पुण्याला नेऊन अँजिओग्राफी करून घ्या. तोपर्यंत खरं तर आयसीयूत हवेत."

"मग घ्या ना वर," मी म्हणालो.

"सहाच्या सहा भरल्यात. एका पेशंटला सकाळी वॉर्डात हलवता येईल असं वाटतंय. आणि एकाचं..." ते थांबले. "बघू. तोवर इथेच मॉनिटर लावून ठेवतो."

हे 'बघू' मला तेव्हाच समजलं होतं. समजलं नाही असं मी स्वतःला दाखवलं, एवढंच.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या.

पहिली, फोन. शाळेतल्या एका मित्राचा मामा राजकारणात आहे. नाव कशाला. रात्री सव्वाएकला मित्राला उठवलं आणि म्हटलं, मामांना सांगून काही होतंय का बघ. तो म्हणाला, लगेच लावतो.

दुसरी, जप. आईला खाली बाबांच्या स्ट्रेचरजवळ बसवून मी वर आलो. वर का, तर खाट रिकामी झाली की मला आधी कळावं म्हणून. खिशात जपमाळ असतेच. बाकड्यावर बसून सुरू केलं. ओठावर नाम होतं, पण नामाच्या मागे एकच वाक्य चालू होतं: देवा, एक खाट रिकामी कर. एक खाट. फक्त एक.

ऑफिसात आम्ही याला रिसोर्स कंटेन्शन म्हणतो. परवाने सहा, मागणारे सात. सातव्याने थांबायचं, कुणीतरी परवाना सोडेपर्यंत. कोडमध्ये हे इतकं निर्मळ असतं! परवाना सोडणारी प्रोसेस कोण, ती का संपली, याच्याशी थांबणाऱ्याला काही देणंघेणं नसतं. मीही तसाच बसलो होतो. काचेच्या दारातून मॉनिटरचे हिरवे आकडे दिसत होते, आणि मी ते आकडे वाचत होतो. कुणाचं सॅच्युरेशन कमी आहे, कुणाचं बीपी पडतंय. कशासाठी वाचत होतो? हा प्रश्न तेव्हा स्वतःला विचारला नाही.

शेजारच्या बाकड्यापाशी जमिनीवर सतरंजी टाकून एक बाई बसली होती. माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. जवळ एक थर्मास, एक कापडी पिशवी, चार्जिंगला लावलेला साधा फोन. थोड्या वेळाने तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला.

"घ्या दादा. कवाधरनं बसलाय तुमी."

मी घेतला. ती म्हणाली, "आमचं मामंजी हायती आत. चार नंबरला. नऊ दिस झालं. दोन दिस झालं मशीनवर ठेवलंय." तिचा नवरा संध्याकाळीच गावाकडे गेला होता. धोम धरणाच्या अंगाला कुठेतरी गाव, घरी म्हशी, पहाटेच्या धारा काढायला माणूस हवं. मामंजींचं सांगताना म्हणाली, गेल्या महिन्यापर्यंत हळदीच्या रानात स्वतः उभं राहून पाणी पाजायचे.

मग तिने विचारलं, "तुमचं कोण?"

"वडील. खाली कॅज्युअल्टीत आहेत."

"मग वर का न्हाई आणलं?"

मी म्हटलं, "खाट रिकामी नाही."

बोललो, आणि माझ्याच कानाला ते ऐकू आलं.

ती काही क्षण गप्प बसली. नऊ रात्री आयसीयूबाहेर काढलेल्या माणसाला खाटा कशा रिकाम्या होतात हे सांगावं लागत नाही. मग म्हणाली, "मिळंल की. नका काळजी करू." आणि झाकण परत घेऊन थर्मासला लावलं.

मंडळी, त्यानंतर मी जप पुढे चालू ठेवायचा प्रयत्न केला. होईना. 'एक खाट रिकामी कर' म्हटलं की आता चार नंबर दिसायचा, आणि चार नंबर म्हणजे हळदीच्या रानात उभा असलेला म्हातारा. म्हणून म्हणालो, देवा, सकाळी वॉर्डात जाणारा जो आहे त्याची खाट दे. पण सकाळ लांब होती आणि बाबांचं बीपी आत्ता खाली होतं. मन पुन्हा तिथेच यायचं. शेवटी मी माळ खिशात ठेवली. नास्तिक माणसालाही त्या रात्री माझ्यापेक्षा बरं वाटलं असतं.

पाच वाजायला वीस मिनिटं असताना सिस्टर बाहेर आल्या आणि त्यांनी तिला आत बोलावलं. दहा मिनिटांनी ती बाहेर आली. ओरडली नाही. भिंतीला टेकून बसली, पदर तोंडाला लावला, मग फोन उचलून नवऱ्याला लावला. दोनच वाक्यं बोलली.

आतमध्ये मावशी गादी पुसत होत्या, सिस्टर नवी चादर घालत होत्या. पावणेसहाला वॉर्डबॉय मामांनी बाबांचं स्ट्रेचर लिफ्टमधून वर आणलं. खाट क्रमांक चार.

ती जायला निघाली तेव्हा तिने सतरंजी झटकली, नीट चौघडी घातली, आणि माझ्याकडे आली. "ही ठिवा दादा. फरशी लई गार पडती रातची. तुमच्या आईला लागंल."

मी सतरंजी घेतली. तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

आता श्लोकाकडे येऊ. मी त्या दोन्ही गोष्टींचा, म्हणजे फोनचा आणि जपाचा, गेले अठरा दिवस विचार करतोय.

पहिला प्रश्न सोपा वाटतो: माझ्या प्रार्थनेने तो म्हातारा गेला का? नाही. प्रार्थना म्हणजे सर्व्हरला पाठवलेली रिक्वेस्ट नाही की इकडून गेली आणि तिकडे कुणाचा तरी रेकॉर्ड डिलीट झाला. ते नऊ दिवस आजारी होते, दोन दिवस व्हेंटिलेटरवर होते. मी घरी झोपलो असतो तरी ते गेलेच असते. माझ्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग संपलं ना! कशाला ओझं घेतोस?"

पण संपत नाही. कारण गीता कर्माचा हिशोब फक्त परिणामावर करतच नाही. मनात काय चालू होतं हे ती विचारते. आणि माझ्या मनात काय चालू होतं ते मला माहीत आहे. मी मॉनिटरचे आकडे वाचत होतो.

यावर दुसरं टोकाचं उत्तरही मिळतं, आणि भक्तीच्या वाटेवरची तरुण मंडळी त्यात पटकन अडकतात, मीही अडकलो होतो. ते असं: 'खरा भक्त असता तर बाबा आणि तो म्हातारा यांच्यात फरकच वाटला नसता. तुझी आसक्ती हेच पाप.' दोन दिवस मी हेच धरून बसलो. मग बाबांना भाताचा घास भरवताना लक्षात आलं की हे खरं नाही. मला फरक वाटतो. वाटणारच. ज्या माणसाने मला सायकल शिकवली, माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी पीएफमधून पैसे काढले, त्याच्याबद्दल आणि अनोळखी माणसाबद्दल अगदी सारखं वाटतं असं मी म्हणालो, तर एकतर मी खोटं बोलतोय किंवा बाबांवर माझं प्रेमच नाही.

आणि श्लोक तरी हे मागतोय का? पुन्हा नीट वाचला. तो 'तुझ्या माणसाबद्दल कमी वाटू दे' असं म्हणत नाही. तो म्हणतो, तुला जे वाटतं त्यालाच माप कर. आत्मौपम्य म्हणजे स्वतःच्या उपमेने बघणं. आता उपमा द्यायची तर आधी आपल्याजवळ काहीतरी भरघोस असावं लागतं. बाबांसाठी माझ्या पोटात जो गोळा आला होता तो अडथळा नव्हता, तीच फूटपट्टी होती. तिच्याच आधाराने मला कळायला हवं होतं की सतरंजीवरच्या बाईच्या पोटात नऊ दिवस तोच गोळा आहे. माझं प्रेम जास्त होतं ही चूक नव्हती. मी ती फूटपट्टी एकाच माणसाला लावून गुंडाळून ठेवली ही चूक होती.

म्हणजे खाट हवी असं वाटणं हे पाप नाही. खाटेवरचा माणूस दिसेनासा होणं, ही ती घसरण. मला चहा मिळेपर्यंत चार नंबर हा एक आकडा होता. आकडा संपावा असं वाटायला माणसाला काही त्रास होत नाही. नाव असलेला, हळदीला पाणी पाजणारा म्हातारा संपावा असं वाटणं मात्र जमेना. फरक फक्त दिसण्याचा.

जपाचं हे झालं. फोनचं काय?

सकाळी आठला राउंड संपवून डॉक्टर बाहेर आले. बाबांचं बीपी सुधारलं होतं. ते सांगून झाल्यावर शांतपणे म्हणाले, "रात्री दीडला तुमच्यासाठी एक फोन आला होता."

मी खाली बघितलं.

"मी त्यांना सांगितलं, सहापैकी कुणाला बाहेर काढू ते तुम्हीच सांगा. मग त्यांनी ठेवला." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुमच्या वडिलांना मी वाऱ्यावर सोडलं नव्हतं. एक सिस्टर रात्रभर त्यांच्या स्ट्रेचरजवळ उभी होती. आयसीयू म्हणजे खोली नाही हो, लक्ष आहे."

नंतर वाचलं तेव्हा कळलं की इतिहासही हेच सांगतो. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले पेशंट, त्यात लहान मुलं बरीच, आणि श्वास देणारी यंत्रं अगदी मोजकी. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने घशाला छेद देऊन नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा द्यायची असं सुचवलं. पिशवी दाबायला माणसं कुठली? वैद्यकीय विद्यार्थी. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, एकेका पेशंटच्या उशाशी बसून पिशव्या दाबल्या. आधी अशा पेशंटांपैकी बहुतेक दगावत, ते प्रमाण खूप खाली आलं. पुढच्याच वर्षी, १९५३च्या शेवटी, इब्सेननी त्या शहरात असा स्वतंत्र विभाग सुरू केला, आणि आजच्या आयसीयूची सुरुवात तिथून मानतात. म्हणजे यंत्रं भरपूर झाली म्हणून आयसीयू निघाला नाही. यंत्रं नव्हती तेव्हा अनोळखी मुलाच्या उशाशी बसून त्याचा श्वास आपल्या हाताने चालू ठेवणारी माणसं होती, त्यातून निघाला.

आणि कुणाला आधी घ्यायचं हा प्रश्नही जुनाच. नेपोलियनच्या सैन्यात डॉमिनिक लारे नावाचा शल्यविशारद होता. जखमींमध्ये हुद्दा बघायचा नाही, ज्याची जखम गंभीर तो आधी, हा त्याचा नियम. मोठा अधिकारी आणि साधा शिपाई एकाच रांगेत. विचार केला तर सहाव्या अध्यायातली समदृष्टी रणांगणावरच्या तंबूत उतरवायची म्हटली तर अशीच उतरेल. माझा रात्री सव्वाएकचा फोन नेमका याच्या उलट होता. हुद्दा बघा, असंच तो सांगत होता. एकीकडे हातात माळ, दुसरीकडे मामांचा फोन. डॉक्टर गीता वाचतात की नाही मला माहीत नाही, पण त्या रात्री ३२वा श्लोक माझ्यापेक्षा त्यांनी पाळला.

मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "सगळेच करतात हो. मीही केला असता." मग चहा पिता पिता मी विचारलं की सातवी खाट का नाही टाकत. म्हणाले, "खाट उद्या येईल. एका खाटेमागे तिन्ही पाळ्यांना शिकलेली सिस्टर लागते, ती कुठून आणू?" आपल्याला वाटतं लोखंडाचा तुटवडा आहे. तुटवडा लक्ष देणाऱ्या माणसांचा आहे.

आता एक शंका, ती मला त्याच बाकड्यावर बसून आली. ज्ञानेश्वरीच्या शेवटी माउलींचं मागणं आहे, पसायदान. आपल्यापैकी बहुतेकांना शाळेपासून पाठ आहे. त्यात माउली मागतात की ज्याची जी इच्छा असेल ती त्याला मिळावी. इंजिनिअर डोकं लगेच विचारतं: दोघांना एकच खाट हवी असेल तर? हे मागणं पुरं कसं होणार? माउलींनी ही एज केस बघितली नव्हती का?

बघितली होती. मागण्यांचा क्रम बघा. इच्छा पुऱ्या होण्याचं मागणं पहिलं येत नाही. त्याच्या आधी दुष्टांच्या मनातला वाकडेपणा जावा हे येतं, सगळ्या जिवांची एकमेकांशी मैत्री व्हावी हे येतं, पापाचा अंधार जावा हे येतं. मग इच्छा. हा क्रम उलटा केला तर पसायदान भयंकर होईल, कारण मैत्रीशिवायच्या इच्छा एकमेकींच्या नरड्यावर बसतात. माझी रात्री एकची इच्छा तशीच होती. आणि मैत्री आधी झाली की इच्छाच बदलते. पुरावा मी डोळ्यांनी पाहिला. 'मिळंल की' म्हणणाऱ्या त्या बाईला खाट रिकामी होण्याचा अर्थ माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. तरी ती म्हणाली. आपल्या माणसाने जगावं आणि समोरच्याच्या माणसालाही जागा मिळावी, या दोन्ही इच्छा तिच्या मनात एकाच वेळी होत्या आणि भांडत नव्हत्या. तिने सहावा अध्याय वाचलाय की नाही कोण जाणे. मी इथे त्याच्यावर रोज लिहितो.

शेवटचं एक, आणि हे मला सगळ्यात अवघड गेलं.

बाबा घरी आल्यावर नातेवाईक येऊ लागले. प्रत्येक जण म्हणायचा, "देवाची कृपा. ऐन वेळी खाट मिळाली बघा!" पहिल्या दिवशी मीही मान डोलावली. संध्याकाळी आतून काहीतरी टोचायला लागलं. देवाच्या कृपेने खाट मिळाली, तर चार नंबरच्या म्हाताऱ्यावर कृपा नव्हती का? देवाने एकाला उठवून दुसऱ्याला बसवलं? एसटीतल्या कंडक्टरसारखं?

यावर मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. कृपेबद्दलचं जे वाक्य मी त्या बाईच्या समोर, सतरंजी हातात घेऊन म्हणू शकणार नाही, ते मी दुसऱ्या कुणासमोरही म्हणणार नाही. 'देवाने आम्हाला खाट दिली' हे तिच्यासमोर म्हणता येत नाही. मग काय म्हणता येतं? बाबा अजून आहेत याबद्दल मी कृतज्ञ आहे, हे म्हणता येतं. सिस्टर रात्रभर उभ्या राहिल्या, हे म्हणता येतं. ज्यांचं सगळं गेलं त्यांनी जाताना माझ्या आईच्या थंडीचा विचार केला, आणि मला त्या रात्री देव दिसला असेल तर तिथे, हे तर नक्कीच म्हणता येतं. आत का मृत्यू आला आणि खाली का आला नाही, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. ते असल्यासारखं बोलणं म्हणजे तिच्या दुःखाच्या पैशाने माझी भक्ती साजरी करणं.

तुम्हाला वाटेल, हे सगळं बरोबर आहे, पण त्या क्षणी कुणाला सुचतं? अर्जुनालाही हेच वाटलं. ३२वा श्लोक संपतो आणि ३३व्यात तो लगेच हात टेकतो. म्हणतो की हे समत्व टिकेल असं मला दिसत नाही, मन फार चंचल आहे. मला अर्जुन इथे फार आवडतो. आणि भगवंत त्याला रागावत नाहीत. उद्यापरवा आपण ३५वा श्लोक बघू, त्यात ते मन आवरणं कठीण आहे हे आधी मान्य करतात, आणि मग अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगतात. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. पहिल्यांदा जमलं नाही हे गृहीतच आहे.

तर माझा अभ्यास काय ठरला ते सांगतो.

बाबांना तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात हलवलं, तिथून पुण्याला अँजिओग्राफीसाठी नेलं, एक स्टेंट बसला. त्या तिसऱ्या दिवशी आयसीयूबाहेरून आमचं सामान आवरताना एक मुलगा जिना चढून वर आला. पंचविशीचा असेल. त्याच्या बायकोला बाळंतपणानंतर झटके आले होते, खाली उपचार चालू होते, तो खाटेची वाट बघत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग काचेच्या दाराकडे, मग आतल्या खाटांकडे. ती नजर मी ओळखली. दोन दिवसांपूर्वी माझीच होती.

मी त्याला म्हटलं, "चार नंबर रिकामा होतोय. माझे वडील बरे होऊन वॉर्डात चाललेत."

त्याचे खांदे इतके खाली आले की मला रडू आलं. खाट अशीही रिकामी होते, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी त्याचं नाव विचारलं, बायकोचं नाव विचारलं. गणपतीच्या फोटोसमोर उभं राहून त्या नावाने एकदा हात जोडले. आणि सतरंजी त्याला दिली.

म्हणाला, "दादा, परत कुठे आणून देऊ?"

मी म्हटलं, "माझी नाही. पुढच्याला दे."

आजचा अभ्यास एवढाच, तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी. हॉस्पिटलमध्ये असाल किंवा नसाल, कुठल्याही रांगेत तुमच्या पुढे जो उभा आहे त्याचं नाव विचारा. मग जी प्रार्थना करायची ती करा.

राम कृष्ण हरी.